फुलांच्या गळण्याचा अर्थ

मरणाच्या प्रसंगीं माणसें जें बोलतात त्याचा हिशेब सहसा कोणी मागत नाहीं. तो मागितला गेला तर पुष्कळांची, आणि विशेषतः व्याख्यानांवर उपजीविका करणाऱ्या आम्हां प्राध्यापकांची, मोठी पंचाईत होईल. माझ्यावर असा प्रसंग एकदां आला. २०२२ सालीं आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांतला एक विद्यार्थी ऐन एकविसाव्या वर्षीं अपघातांत गेला. शोकसभेंत मीं भाषण केलें. साकुराचीं फुलें जेमतेम आठवडाभर टिकतात म्हणूनच तीं जपानी लोकांना इतकीं प्रिय आहेत, असा दाखला देऊन, अल्पायुषी जीवनालाच खरें सौंदर्य असतें, असें मीं प्रतिपादन केलें. सभा हेलावली. सभा संपल्यावर मुलाचे वडील मजजवळ आले. रत्नागिरीकडे त्यांचीं आंब्याचीं कलमें आहेत. नमस्कार करून ते शांतपणें म्हणाले, "सर, आपण चांगलें बोललांत. पण आमच्याकडे मोहोर गळतो, त्याला आम्ही सुंदर म्हणत नाहीं."

या वाक्याला मजपाशीं उत्तर नव्हतें. पुढें २०२३ च्या वसंतांत एका परिषदेच्या निमित्तानें जपानांत जाण्याचा योग आला, तेव्हां तें वाक्य बरोबर घेऊनच मी गेलों. ज्या फुलांची साक्ष मीं न पाहतां काढली होती, तीं एकदां समक्ष पाहावीं असा माझा हेतु होता.

मार्चच्या अखेरीस तोक्योंतील उएनो उद्यानांत गेलों. 'हानामि' या शब्दाचा अर्थ फुलें पाहणें एवढाच. माझी समजूत अशी कीं, अनित्यतेचें चिंतन करीत बसलेले गंभीर चेहरे येथें दिसतील. दिसली ती जत्रा! झाडांखालीं ताडपत्र्या अंथरलेल्या, त्यांच्या कडेला बुटांच्या ओळी. कचेऱ्यांतील नव्या नोकरांनीं आधींपासून येऊन जागा धरून ठेवलेल्या. डबे उघडलेले, साकेचे पेले फिरत असलेले. महामारीच्या वर्षांत अशा बैठका बंद होत्या; त्या पुन्हां भरल्याचा आनंद जागोजाग दिसत होता. निम्म्या लोकांची तर फुलांकडे पाठ होती. ते एकमेकांकडे पाहत होते. हें पाहून मी प्रथम थोडा हिरमुसलों. परंतु मागाहून वाटलें कीं, चूक त्यांची नसून माझ्या पुस्तकी कल्पनेची होती.

या चालीचा इतिहासहि तेंच सांगतो. जुन्या काळीं दरबारांत मान होता तो चीनकडून आलेल्या उमे या फुलाचा. ८१२ सालीं सम्राट सागा यानें क्योतोच्या शिन्सेन्-एन उद्यानांत साकुराखालीं समारंभ केला, आणि हळूहळू या फुलानें पहिल्याची जागा घेतली. १५९८ सालीं हिदेयोशीनें दाइगो येथें सुमारें सातशें झाडें लावून मोठा सोहळा केला. त्याच वर्षीं तो वारला. अठराव्या शतकांत शोगुन योशिमुने यानें आसुकायामा टेकडीवर झाडें लावून ती सामान्य जनांस मोकळी केली. सम्राट, सेनापति, मग एदो नगरीचा कारागीर, असा हा सोहळा खालीं उतरत आला. पण प्रत्येक ठिकाणीं त्याचें रूप एकच राहिलें. माणसें बोलावलीं जात व एकत्र बसत. क्योतोचें फूल बहरण्याच्या दिवसांची जी बाराशें वर्षांची नोंद आज संशोधकांनीं जुळविली आहे, ती मुख्यतः दरबारी लोकांच्या रोजनिशांतून अशा समारंभांच्या आधारें काढलेली आहे. तोंवरच्या या साऱ्या नोंदींत सर्वांत लवकरचा बहर २०२१ चा, २६ मार्चचा, ठरला. हवामान तापत चालल्याची ती खूण. फुलांच्या ज्या नियमितपणावर आपण विसंबतों, तोहि आतां तितका भरंवशाचा राहिलेला नाहीं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत क्योतोला पोंचलों, तों बहर ओसरला होता. तेथें एका कालव्याच्या कांठानें 'तत्त्वज्ञाचा पथ' म्हणून एक वाट आहे. विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाचे अध्यापक निशिदा कितारो तेथें विचार करीत फिरत, म्हणून तें नांव पडलें. कांठचीं पहिलीं झाडें हाशिमोतो कान्सेत्सु या चित्रकारानें व त्याच्या पत्नीनें दिलेलीं. पाण्यावर पाकळ्यांचा थर इतका दाट होता कीं पाणी वाहत आहे हें पाकळ्या सरकत तेव्हांच कळे. उशिरां आल्याचें वाईट वाटलें. पण चौदाव्या शतकांतील केन्को या भिक्षूनें आपल्या 'त्सुरेझुरेगुसा' ग्रंथांत, फूल काय ऐन बहरांतच पाहावयाचें असतें, असा प्रश्न केला आहे तो आठवला, आणि मी तेथेंच एका बाकावर बसलों.

दृश्य सुंदर होतें, हें मी नाकबूल करीत नाहीं. प्रश्न एवढाच, कीं तें सुंदर कशामुळें? अल्प टिकतें यामुळें म्हणावें, तर चुलीवरचा धूर आणि डबक्यावरचा बुडबुडा यांना फुलाहून वरची पायरी द्यावी लागेल. अल्पत्वानें वस्तूची किंमत वाढत नाहीं. वाढते ती पाहणाऱ्याची सावधता. उद्यां हें नसेल असें कळलें म्हणजे आपण आज नीट पाहतों. पण हा गुण आपल्या डोळ्यांत आला; आपण मात्र तो फुलाच्या नांवावर, आणि पुढें जाऊन त्याच्या नाशाच्या नांवावर, मांडतों.

दुसरी गोष्ट आंबेवाल्या गृहस्थांनीं मला शिकविली. आज जपानांत सर्वांत अधिक दिसणारा साकुरा सोमेइ-योशिनो जातीचा. एकोणिसाव्या शतकांत एदोजवळच्या सोमेइ गांवच्या माळ्यांकडून तो पसरला, आणि तीं सारीं झाडें कलमें करून वाढविलेलीं, म्हणजे वस्तुतः एकाच झाडाचीं रूपें आहेत. म्हणूनच एका गांवचीं झाडें एकदम फुलतात आणि एकदम गळतात. परंतु आपल्याच जातीच्या परागानें त्यांस फळ धरत नाहीं. पाकळी गळते तेव्हां त्या झाडाचें कांहीं बुडत नाहीं. तें उभेंच असतें आणि पुढच्या वर्षीं पुन्हां फुलतें. आपल्याला तिच्या गळण्याचा आनंद घेतां येतो, कारण त्यांत कोणाची हानि नसते. हापूसहि कलमाचाच. पण त्याचा मोहोर हें फळाचें वचन असतें. हजारों फुलांतून थोड्यांनाच फळ धरतें हें बागाईतदाराला ठाऊक असतें. त्याला निसर्गाचे नियम शिकवावे लागत नाहींत. तरीहि अवकाळी पावसानें मोहोर झडला म्हणजे तो त्याला बुडालेलें वर्ष म्हणतो. एकवीस वर्षांचा मुलगा हा कोणत्या फुलासारखा, हें मला त्या सभेंत कळावयास हवें होतें.

आणि ही केवळ उपमेची चूक म्हणून सोडून देतां येत नाहीं. या चुकीचा हिशेब जपाननें रक्तानें दिला आहे. मेइजी काळापासून गळणाऱ्या साकुराची सांगड सैनिकाच्या मृत्यूशीं घालण्यांत आली. १९४५ सालीं आंत माणूस बसवून शत्रूच्या जहाजावर सोडलेल्या बाँबचें नांव 'ओका' होतें. त्याचा अर्थ साकुराचें फूल. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें दक्षिणेकडील चिरान येथें परत न येणाऱ्या वैमानिकांना शाळेंतल्या मुलींनीं साकुराच्या डहाळ्या हालवून निरोप दिला. त्याचें छायाचित्र उपलब्ध आहे. आत्मघाती पथकांच्या वैमानिकांत विद्यापीठांतून काढून नेलेले विद्यार्थी पुष्कळ होते. एमिको ओहनुकी-टियर्नी या विदुषीनें २००२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांच्या रोजनिशांचा अभ्यास आहे. त्यांतून दिसतात ती तत्त्वज्ञान वाचणारीं, संशयानें पोखरलेलीं, जगण्याची इच्छा असलेलीं मुलें. त्यांच्या मरणाला सौंदर्य बहाल केलें तें न मरणाऱ्यांनीं. फूल गळलें असें म्हटलें कीं फांदी कोणी हालविली हा प्रश्नच उरत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचा अपघात झाला तो रस्ता खड्ड्यांनीं भरलेला होता. माझ्या भाषणांत त्याचा उल्लेख नव्हता.

कोणी म्हणेल, मग अनित्यतेचा बोध बुद्धापासून आमच्या संतांपर्यंत सर्वांनीं केला, तो व्यर्थ काय? मुळींच नाहीं. परंतु तो बोध प्रत्येकानें स्वतःच्या जीवनाला लावावयाचा आहे. माझें आयुष्य क्षणभंगुर आहे असें मी म्हणतों, तेव्हां माझा अहंकार कमी होतो आणि हातांतलें काम मी आजच उरकतों. तुझ्या मुलाचें आयुष्य क्षणभंगुर होतें असें मी म्हणतों, तेव्हां मात्र माझें कांहींच कमी होत नाहीं. उलट दुसऱ्याच्या दुःखावर मी एक निकाल देऊन मोकळा होतों. शब्द तेच, पण पहिल्यांत वैराग्य आहे आणि दुसऱ्यांत निष्ठुरता आहे. उएनोच्या बागेंत फुलांकडे पाठ करून एकमेकांकडे पाहत बसलेल्या लोकांना हा भेद कोणी समजावून सांगितला नव्हता. पण त्यांचें वागणें माझ्या भाषणापेक्षां त्याच्या अधिक जवळ होतें. दिवस थोडे आहेत, म्हणून जवळ बसून घ्यावें, इतकेंच त्यांनीं फुलांपासून घेतलें होतें.

परत आल्यावर मीं त्या गृहस्थांना पत्र लिहिलें. आपलें म्हणणें बरोबर होतें, असें प्रथम लिहिलें. मग, त्यांच्या मुलानें वर्गांत एकदां मला विचारलेला प्रश्न लिहिला: सर्व अनित्य आहे हें ज्याला कळतें, तो कोण? 'पुढच्या तासाला सांगेन' म्हणून मीं तो टाळला होता, आणि मग तें राहूनच गेलें, हेंहि लिहिलें. आठ दिवसांनीं उत्तर आलें. यंदां पीक बेताचें आहे, तरी आंबा उतरवायला घेतला आहे, येऊन जावें, असें त्यांत होतें. मी गेलों. जेवणें झाल्यावर त्यांनीं कलमांच्या सावलींत सतरंजी टाकली, आणि उन्हें उतरेपर्यंत ते मुलाविषयीं बोलत होते. मी बहुतेक वेळ ऐकत होतों.