पडद्याआडचा फासा

बलिप्रतिपदेला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. आमच्या घरी त्या दिवशीचे द्यूत म्हणजे पत्ते, आणि पत्ते म्हणजे झब्बू नाहीतर पाच-तीन-दोन. पहिले पान पडण्याआधी अर्धा तास भांडण ठरलेले. मावसभावंडांच्या घरचे नियम निराळे, आमचे निराळे. एका नियमाबद्दल मात्र कधी वाद झाला नाही. आजीला टाकलेले पान परत घेण्याची मुभा होती, कारण तिला बदाम आणि चौकट यांतला फरक दिसत नसे. हा नियम केला कोणी, कोण जाणे. मोडण्याची कोणाची छाती नव्हती एवढे खरे.

यंदा त्याच जातीचे भांडण मी संगणकासमोर बसून ऐकले. पुतण्या पुण्यात, भाची टोरँटोत, त्यांचे दोघे मित्र आणखी कुठे कुठे. आमच्याकडे रात्रीचे आठ वाजले की तिच्याकडे सकाळचे साडेदहा होतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकेतला खेळ ही मुले आंतरजालावरून खेळणार होती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 मध्ये बाहेर आणला. यात एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राचा वेष घेतात, आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट बोलत बोलत पुढे न्यायची. पात्राला तट चढता येईल का, वार लागेल का, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरते.

“काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. पात्रं रचायला आमच्याबरोबर बसा,” असे पुतण्या म्हणाला, आणि मी फुशारून बसलो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण पात्रे रचण्यात आपल्याला कोण शिकवणार, असा माझा समज. तो पहिल्या दहा मिनिटांत उतरला. इथे बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण. प्रत्येकासाठी साधे चार फासे टाकायचे, सर्वांत लहान आकडा सोडायचा आणि उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची. बुद्धी आणि शहाणपण वेगळे मोजणारा हा खेळ मला तेवढ्यासाठी आवडला. आमच्या शाळेत अजून तशी सोय नाही. भाचीच्या वाट्याला बळ आले सात. मी म्हटले, “पुन्हा टाक.” माझ्या नायकाला काही कमी पडले तर पुढच्या प्रकरणात भरून काढण्याची मला सवय. ती म्हणाली, “राहू दे, मामा. सात बळाची वैद्यीण करते.”

मग नियम. गोष्टीत काय नको ते प्रत्येकाने सांगायचे होते. एका मित्राला कोळी नको होते. ते तत्काळ बाद झाले. अडले ते फाशावर. संगणकावरचा फासा सर्वांना दिसेल असा टाकता येतो, किंवा फक्त सूत्रधाराला दिसेल असाही. पुतण्याला तो झाकलेला हवा होता. “एखाद्याचं पात्र उगाच मरायला लागलं तर मी आकडा बदलून वाचवीन. कळणारही नाही.” त्याने पुरावाही दिला: खुद्द गायगॅक्सने 1979 च्या आपल्या सूत्रधारांसाठीच्या पुस्तकात फासा डावलण्याचा अधिकार सूत्रधाराला दिलेला आहे.

मी पुतण्याच्या बाजूने बोललो. चौतिसाचे पस्तीस मी किती वेळा केले असतील याची मोजदाद नाही, आणि त्याची टोचणीही नाही.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला असं वाचवायचं नाही. एकदा कळलं, तर आधी जिंकलेलंही खोटं वाटेल. आणि मामा, त्या मार्चमध्ये मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारताय, म्हणून सांगते.”

त्या मार्चमध्ये तिची बारावीची परीक्षा होती आणि माझी बहीण रुग्णालयात होती. “आई सुधारते आहे, तू अभ्यास कर,” असे मी रोज तिला सांगत असे. पेपर संपले तेव्हा बहिणीला माणसे ओळखू येत नव्हती. हेतू वाईट नव्हता, असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो आहे, आणि तो नव्हताच.

त्या रात्री मला झोप आली नाही. कुरुक्षेत्रावर लढाईआधी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले होते, रथीने रथीशी लढावे, पाठ फिरवणाऱ्याला मारू नये. पुढे अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारले. ते नियम द्वेषाने मोडले, हे समजते. पण दयेने मोडलेल्या नियमाचे काय? चौतिसाचे पस्तीस झाल्याने त्या मुलाचे काही हिरावले गेले नाही. भाचीच्या आईशी बोलण्याचे दिवस मात्र गेले, आणि ते मी घेतले. तिला काय सोसेल हे मी ठरवले. तिच्या हातातले पान मी तिच्या वतीने खेळलो. आता कुणी म्हणेल, सतरा वर्षांच्या पोरीला काय विचारायचे? मीही तेव्हा हेच म्हणालो होतो.

आजीचा नियम आठवला तो पहाटे. आजीवर आम्ही दया करत होतो, पण चोरून नव्हे. तिला ठाऊक होते, आम्हांला ठाऊक होते, हरणाऱ्यालाही ठाऊक होते.

पुढच्या बैठकीत मी सुचवले: फासे उघडे टाका, पण प्रत्येक पात्राला सबंध गोष्टीत एकदा फासा परत घेता यावा, सर्वांदेखत. भाचीने एवढीच दुरुस्ती केली की मागितल्यावाचून तो कोणी द्यायचा नाही. यादीत त्याचे नाव ‘पणजीचा नियम’ असे पडले.

तो मार्च पुन्हा आला तर मी खरे सांगेन, असे छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

तिसऱ्या बैठकीत वैद्यीण पडली. अशा वेळी वीस बाजूंचा फासा पुनःपुन्हा टाकायचा. दहा किंवा वर पडले तर जगण्याची एक खूण, खाली पडले तर मरणाची. ज्याच्या तीन आधी होतील ते खरे. चार फाशांत दोन-दोन झाल्या. नियम मागण्याची वेळ होती. कोणी सुचवले नाही, तिने मागितला नाही. पाचवा फासा पडद्यावर गडगडला. अकरा.

मी मोठ्याने हुश्श केले.

“मामा,” ती म्हणाली, “तुझा आवाज सुरू आहे.”