रोजच्या चार ओळी

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते भराभर लिहून घेत. असे अठरा रविवार! त्या लिखाणातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आलं. त्याआधी अमळनेरच्या छात्रालयात हेच गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. रोज, बरं का!

आपल्याला एवढं लिहिणं झेपायचं नाही, नकोही; पण रोज चार ओळी नक्की जमतील. बोदवडच्या शेतकऱ्यानं पाऊस कधी आला, कपाशी कधी लावली, मजुरी किती दिली, आणि हो, घरात उगाच कुणावर चिडलो, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. शुद्धलेखनाची धास्ती नको. घरची तावडी बोली उत्तम. आज रात्री जेवण झालं की वहीवर तारीख टाका आणि चार ओळी लिहाच.