घड, खोड आणि यज्ञशेष (गीता, अध्याय ३, श्लोक १० ते १६)



आजचे श्लोक पाठांतराच्या ओघात आपण भराभर म्हणून टाकतो. पण जरा थांबून अर्थ बघा. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, कर्मापासून यज्ञ, असं एक चक्र भगवंत मांडतात. आणि मग फार कडक बोलतात : या चक्रातून मिळालेलं परत न देता जो नुसतं भोगतो, तो चोरच. माउलींनी ज्ञानेश्वरीत या यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा उलगडून दाखवला आहे. म्हणजे हे श्लोक फक्त होमकुंडापाशी बसणाऱ्यांसाठी नाहीत, तुमच्या-माझ्यासाठीही आहेत.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही चोरी चांगली ओळखीची आहे. एखादा प्रोग्रॅम मेमरी मागून घेतो आणि काम झाल्यावर परत करत नाही. पहिले काही दिवस सगळं छान चालतं, कुणाला पत्ताही लागत नाही. मग एका रात्री सर्व्हर बसतो. मातीचंही तसंच आहे. पीक काढत राहिलो आणि पाला, काडी, शेण काहीच परत दिलं नाही, तर काही वर्षं ती देत राहते, मग थकते.

आमच्या सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात दहा-बारा घरं मिळून बाग करतात. पद्धत श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या विचारातून आलेली. याच विचारावर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास बाग उभी केली आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा तिथेच जिरवला. आम्हीही तेच करतो. १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ कालवून तीन दिवस ठेवायचं, रोज ढवळायचं. मग ते पातळ करून त्यात वाळका पाला भिजवायचा आणि त्याचा ढीग लावायचा. पुढचं काम जिवाणू करतात. आपण फक्त घेतलेलं परत करायचं.

यंदा बागेच्या फोटोंचं कॅलेंडर करायचं ठरलं, प्रत्येक फोटोखाली कुणाची तरी चार ओळींची कविता. बहुतेक फोटो अर्थातच टोमॅटोचे, जास्वंदीचे आणि केळीच्या घडाचे. एका काकूंनी मात्र घड उतरवल्यानंतर तोडून आडव्या घातलेल्या खोडाचा फोटो दिला. केळीचं खोड एकदाच घड देतं. मग ते तोडून, तुकडे करून तिथेच पसरायचं, म्हणजे त्याचं आच्छादन होतं आणि बाजूच्या मुनव्यांना जागा मिळते. काकूंच्या ओळी अशा :

घड उतरला काल
आज खोड मातीवर
मुनव्यांच्या डोईवर
ऊन नवे

यावर बैठकीत वाद झाला. "तोडलेलं खोड भिंतीवर कोण लावणार? सणासुदीला काहीतरी छान दिसू दे की!" असं एक काका म्हणाले. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. चार माणसं बागेकडे वळतात ती घड बघूनच. दुसरं टोक गाठणारेही होते : निष्काम कर्म म्हणता, मग फोटो, कविता, कौतुक हवंच कशाला? झाडं लावा आणि गप्प बसा.

मला या दोन्हीत गीता दिसत नाही. आजच्याच श्लोकांत यज्ञशेष आहे. आधी द्यायचं, मग उरलेलं खायचं. भगवंत खाऊ नका म्हणत नाहीत, क्रम पाळा म्हणतात. आनंदाचंही तसंच असावं. घडाचा फोटो वाईट नाही, पण ज्या खोडाने तो दिला, ज्या मावशी रोज सोसायटीचा ओला कचरा वेगळा करून खड्ड्यापर्यंत आणतात, त्यांना चौकटीबाहेर ठेवून नुसता घड मिरवला, तर तो आपल्यापुरता शिजवलेला स्वयंपाक झाला. आपण फोटो 'काढतो' म्हणतो. त्या शब्दातच घेणं आहे. मग परत काय दिलं, हे विचारायला नको का?

आणि गप्प बसणं हेच श्रेष्ठ म्हणावं, तर सावता महाराज आठवतात. अरणचा हा माळी मळा सोडून पंढरीला गेला नाही. पांडुरंगच त्याच्या भेटीला आला, असं परंपरा सांगते. त्याने भाजीच्या वाफ्यात विठ्ठल पाहिला आणि तो गायलाही. ते अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले, म्हणून त्यातले ३७ आज आपल्याला मिळतात. काशिबांनी मळा खुरपला नाही, त्यांनी बघितलेलं-ऐकलेलं जपून पुढच्यांच्या हाती दिलं. ही परतफेडच आहे. कॅमेरा आणि कवितेनेही तेवढं करावं. "हे माझं" म्हणण्याऐवजी "हे यांच्याकडून आलं" म्हणावं.

म्हणून मी बैठकीत एवढंच सुचवलं : घड आणि खोड एकाच पानावर छापू, आणि कचरा आणणाऱ्या मावशींना विचारून, त्यांना आवडेल तो त्यांचा फोटोही घेऊ. पहिली प्रत त्यांच्या हातात देऊ. काका म्हणाले, "बघू." बघू म्हणजे नाही नव्हे!

आजचा संकल्प छोटासाच. आज ज्या कशाचा फोटो काढाल, मग ते ताट असो, फूल असो की लेकरू, तो कुणाला पाठवण्याआधी एक क्षण विचार करू या : हे माझ्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आलं? आणि त्यातलं निदान एक नाव फोटोबरोबर लिहू या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥