मंडळीची पाळ कोणी राखावी?



खेडोपाडीच्या मंडळ्यांत दोन प्रश्न वारंवार कानी पडतात. कोणी म्हणतो, "प्रार्थना मी घरीच करतो, शास्त्रही घरीच वाचतो, मग मंडळीत जाण्याचे कारण काय?" दुसरा म्हणतो, "मिशनचे साहेब होते तोवर सारे चालले. आता मंदिराचे छप्पर कोण शाकारणार आणि पाळकाच्या पोटाची सोय कोण पाहणार?" हे प्रश्न वरवर निराळे दिसतात, परंतु त्यांचे मूळ एकच आहे. मंडळीपासून मला काय मिळते, एवढेच दोघेही पाहतात. मंडळी माझ्यापासून काय मागते, हे दोघांनीही विचारलेले नाही.

गोंदियाच्या धानकऱ्यास ह्याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळचे सुमारे ७,००० तलाव आहेत. त्यांतील पुष्कळ कोहळी लोकांच्या कसबाने व श्रमाने झाले. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी ह्याने बांधविला, अशी परंपरा सांगतात. तलावाची रीत साधी आहे. पावसाचे पाणी पाळीने अडवावयाचे आणि पाटाने एका बांधीतून दुसऱ्या बांधीत न्यावयाचे. परंतु पाळ एकट्याच्या बळावर टिकत नाही. ती फुटू लागली म्हणजे माझे शेत कोठे व तुझे कोठे, हे कोणी विचारीत बसत नाही. पुढे १९५१ साली मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे गेले. धनी बदलला, तशी राखणही सैल झाली, आणि पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले. पाऊस येणे थांबले नव्हते. पाळ आपली आहे असे म्हणणारे हात मात्र कमी झाले होते.

मंडळीचेही असेच आहे. मिशनने शाळा काढल्या, दवाखाने घातले, मंदिरे बांधिली. त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे. परंतु मंडळी ही कधीच परक्यांची ठेव नव्हती. अमेरिकन मराठी मिशनने १८५४ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्यांस पाळकपदाची दीक्षा दिली. आपल्या लोकांनी आपली मंडळी सांभाळावी, हा विचार तेव्हापासूनचा आहे. आपल्या शेजारच्या नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. इतके होऊनही 'साहेब गेले, आता कोण?' असे आपण म्हणत राहिलो, तर धनी गेला म्हणून पाळ सोडून देणाऱ्या गावात व आपल्यात भेद तो काय राहिला?

आता घरी बसून भक्ती करणाऱ्याचा विचार करू. नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. ही वाट गोंदियावरूनच जाते. गाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले. ते त्यांनी एकट्याने वाचले, एकट्याने मनाशी झुंज घेतली. तरी ते तेवढ्यावर थांबले नाहीत; १८९५ साली मुंबईस लोकांसमक्ष त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बीज एकांतात रुजते, हे खरे. पण पीक उघड्या शिवारातच उभे राहते. आपल्या भाषेचेच पाहा ना. एकट्या माणसाला सहसा कोणी 'मंडळी' म्हणत नाही.

ह्यावर कोणी प्रामाणिकपणे म्हणेल, "मंडळीत भांडणे आहेत, पंचांत चुरस आहे, जुन्या जातीचा ताठा अजून गेलेला नाही." हे नाकारण्यात अर्थ नाही. टिळकांनाही मिशनची चौकट अपुरी वाटली व १९१७ साली ते तिच्या नोकरीतून बाहेर पडले. परंतु ते एकांतात जाऊन बसले नाहीत. त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांसही बोलाविले. मंडळी लहान वाटली, तर ती मोठी करावी. सोडून जाणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

तलावाची खरी परीक्षा पाटाच्या तोंडाशी होत नाही, ती शेवटल्या बांधीत होते. वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवून धरिले, तर खालच्याचे धान वाळते. मग तलाव तुडुंब असून काय उपयोग? मंडळीत शेवटली बांधी कोणती? जिच्या घरी कोणी जात नाही ती विधवा, कर्जाने गांजलेला मजूर, कालच आलेला व अजून मागच्या सतरंजीवर अंग चोरून बसणारा भाऊ. शरीराचे दुबळे अवयव अधिक अगत्याचे आहेत, असे पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिले, त्याचा अर्थ हाच. घरी प्रार्थना करणाऱ्यास स्वतःपुरते पाणी मिळेलही. परंतु त्याच्या हातून ते पुढे वाहत नाही.

"आम्ही गरीब, आम्ही काय द्यावे?" असे म्हणणाऱ्यांनी मिझोरामकडे पाहावे. तेथील ख्रिस्ती बायका १९१० च्या सुमारापासून स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीकरिता बाजूस काढू लागल्या, आणि त्या मुठींवर तेथे देवाचे पुष्कळ काम उभे राहिले. तांदूळ तर आपल्याही घरी शिजतो! प्रत्येक चुलीपाशी एक मडके ठेवावे. पंचांनी त्याचा हिशेब सर्वांसमक्ष वाचावा. आणि प्रत्येक कुटुंबाने महिन्यातून एकदा तरी मंडळीच्या शेवटल्या घरी जावे. ह्यासाठी ना साहेब लागतो, ना परदेशचा पैसा.

पाऊस देणे देवाच्या हाती आहे. पाळ राखणे त्याने आपल्यावर सोपविले आहे. येत्या रविवारी मंदिरात पाऊल ठेविताना प्रत्येकाने आपल्या मनास एवढेच विचारावे: मी येथे केवळ पाणी घ्यावयास आलो आहे काय, की हाती फावडेही आहे?