धूळ कुणाच्या वाट्याची?

प्रश्न साधा आहे. मशीनला धूळ ओढणारा पाइप लावायचा की नाही, आणि लावायचा तर कुणासाठी?

मी मुंबईत एका फर्निचरच्या गाळ्यात हेल्पर होतो. आम्ही सहा माणसं. दिवसभर प्लायवूड आणि एमडीएफ कापायचं, सँडर मारायचा. संध्याकाळी भुवया पांढऱ्या, थुंकी पिवळी. गाळ्यात व्हॅक्यूम होता, पण गोणपाटाखाली झाकलेला. गिऱ्हाइकाच्या फ्लॅटमध्ये काम निघालं की तो टेम्पोत चढायचा. तिथं शेट स्वतः सँडरच्या मागच्या नळीला पाइप जोडून द्यायचा. सैल बसला तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा. का? तर मॅडमच्या पडद्यांवर धूळ बसू नये. गाळ्यावर परतलो की व्हॅक्यूम पुन्हा गोणपाटाखाली. विचारलं तर म्हणायचा, "वीज जळते, फिल्टर चोंदतो."

म्हणजे ज्ञान होतं, यंत्र होतं, वीजही होती. फक्त आमची छाती त्या पडद्याइतकी किमतीची नव्हती.

माहीत नव्हतं, ही सबब इथं चालायची नाही. लाकडाच्या धुळीनं माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच छापलं. दगड, टाइल, भिंत कापताना उडणाऱ्या सिलिकाबद्दल १९९७ साली. त्याच्याही कितीतरी आधी, १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ मध्ये लिहिलं होतं, की धूळ ओढायचं यंत्र लागत असेल तर ते धूळ निघते त्या जागेच्या होईल तितकं जवळ लावा. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले तर तो कायदा. २०२० साली संसदेनं मंजूर केलेल्या संहितेत दहाचे वीस झाले. आम्ही सहाच. कायदा गाळ्याच्या दारात चपला काढून उभा राहिला, आत आलाच नाही.

आणि जवळच का लावायचं? डोळ्याला दिसते ती धूळ जाड असते. ती खाली बसते. खरी मारेकरी धूळ दिसत नाही. ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाते. तोंडावरचा रुमाल तिला अडवत नाही, आणि झाडू मारला की ती पुन्हा उठते. म्हणून तिला जन्मतानाच धरायचं. व्हॅक्यूमला बारीक फिल्टर हवा, नाहीतर तीच धूळ मागच्या बाजूनं बाहेर पडते. मध्ये दोन तोंडांच्या झाकणाची बादली बसवली की भुसा तिथंच पडतो आणि फिल्टर लवकर चोंदत नाही. म्हणजे शेटची सबब एका बादलीची होती! (एक सांभाळा. लोखंडावर ग्राइंडर मारताना हा पाइप लावू नका. ठिणगी भुशात गेली की आग.)

थोडं मागं जाऊ. मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे. आपल्या माणसांच्या तोंडाचा विटाळ होईल म्हणून त्यांना विणाई खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. त्या तोंडाचा विटाळ सुताला झाला. धुळीला मात्र कधीच झाला नाही.

इथवर सगळं शेटविरुद्ध झालं. आता माझ्याविरुद्ध.

पुढं वस्तीतल्या आम्ही तिघांनी मिळून गाळा घेतला. पहिल्याच महिन्यात व्हॅक्यूम, पाइप, बादली आणली. पाइप लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा नियम केला. छाती फुगली होती. एक दिवस आमच्याकडं नवीन आलेला, सगळ्यात धाकटा पोरगा म्हणाला, "दादा, तुमची धूळ बादलीत जाते. मग बादली रोज मीच का ओततो?"

ओतताना तीच बारीक धूळ त्याच्या नाकातोंडात जायची. मी म्हणालो, "नवीन आहेस, शिकायचंय तुला." म्हणालो आणि गप्प झालो. हेच वाक्य शेटनं मला ऐकवलं होतं.

यंत्र धूळ फक्त हलवतं. ती शेवटी कुणाच्या अंगावर पडायची, हे माणसं ठरवतात. गटारासाठी सक्शन मशीन आलं, २०१३ चा कायदा आला, तरी माणसं आत उतरवली गेलीच. श्रमिकांची उतरंड मोडल्याशिवाय यंत्र आणलं, तर ते नुसतं महागडा झाडू होतं. आणि उतरंडीत आपण एक पायरी वर चढलो, म्हणून उतरंड मोडली असं होत नाही.

आता बादलीत आधीच पिशवी लावतो. तिचं तोंड आतच बांधतो. ज्यानं त्या दिवशी मशीन चालवलं त्यानं ती मास्क लावून बाहेर न्यायची. माझी पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी. पहिल्या दिवशी हात लाजले, हे कबूल करतो. का लाजले, याचं उत्तर अजून शोधतोय.

तुम्हीही शोधा. लांब जायला नको. पुढच्या वेळी सभा संपली की भाषणाबद्दल बोलत बाहेर पडू नका. मागं वळून बघा, सतरंज्या कोण झटकतंय.