सत्तेचाळिसाव्या अध्यायातली ज्वारी

दत्तजयंतीच्या आधी आमच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. वडिलांच्या वेळेपासूनचा नेम आहे. पौर्णिमेला संध्याकाळी दत्तजन्म, पाळणा, सुंठवडा आणि दुसऱ्या दिवशी पारणं. वडील शेतकरी, फार शिकलेले नव्हते. हातावर पाणी घेऊन संकल्प सोडताना ते तिथी, वार, गोत्र एवढं म्हणत आणि शेवटी 'श्रीदत्तप्रीत्यर्थ' म्हणून पाणी सोडून देत. काही मागताना मी त्यांना ऐकलं नाही.

मी मास्तर झालो, पगार सुरू झाला, आणि त्या संकल्पाला शेपूट जोडायला शिकलो. एका वर्षी बदलीसाठी, एका वर्षी बोअरला पाणी लागावं म्हणून, एका वर्षी मुलीच्या लग्नासाठी. बदली झाली, पाणी लागलं, लग्नही पार पडलं. मग काय, माणसाला वाटतं आपला आणि महाराजांचा हिशेब ठरलेला आहे. सात दिवस बसायचं, बावन्न अध्याय वाचायचे आणि काम करून घ्यायचं.

मग धाकट्याची पाळी आली. तो पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला होता. मी अकरा पारायणांचा संकल्प केला. वर्षाला दोन, कधी तीन. डायरीत आकडे घालून ठेवले होते आणि एकेक पारायण झालं की खूण करायचो. नववं पारायण चालू असताना पाचव्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. दोन गुणांनी गेला होता. तो त्याचा शेवटचा प्रयत्न होता.

भक्तमंडळींपुढे हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. त्या दिवशी मी पोथी मिटली, सोवळ्याच्या वस्त्रात बांधली आणि वर ठेवून दिली. सप्ताह मोडला. घरात कुणी काही बोललं नाही. पत्नीनं राहिलेले दोन दिवस नैवेद्य चुकवला नाही, तेवढंच. मला महाराजांचा राग आला होता. खरं सांगायचं तर देणेकऱ्याचा येतो तसा राग आला होता.

दिवाळीला मुलगा सामान घेऊन घरी आला. मी त्याची समजूत काढायला गेलो आणि बोलता बोलता पारायणांचा आकडा सांगून बसलो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, तुम्ही इकडं पोथ्या मोजायलात, मी तिकडं महिने मोजायलो. सहा वर्षांत मी एक दिवस धड जगलो का, ते कुणीच इचारलं नाही."

हे बोलणं मला फार लागलं. पोरानं टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

पुढच्या मार्गशीर्षात पोथी पुन्हा काढली. मागायचं काही नव्हतं, किंवा मागायची हिंमत नव्हती म्हणा. सातव्या दिवशी सत्तेचाळिसाव्या अध्यायावर आलो. त्या गाणगापूरच्या पर्वतेश्वर शेतकऱ्याची कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मीही ती तीस-चाळीस वेळा वाचली असेल. श्रीगुरू संगमावर जाता-येता हा शेतकरी रोज वावरातून धावत येऊन दंडवत घालायचा. एक दिवस गुरूंनी त्याच्या उभ्या ज्वारीकडे पाहून सांगितलं, आम्ही दुपारी परत येईपर्यंत हे सगळं कापून टाक. पीक अजून पिकलेलं नव्हतं. त्यानं कापलं. पुढे अवेळी गार वारा सुटला, पाऊस पडला, गावाची पिकं गेली, आणि याच्या धसकटांना फुटवे येऊन शतपट धान्य झालं.

इतकी वर्षं मी ही कथा शेवटाकडून वाचत आलो होतो. शतपट! महाराजांचं ऐकलं की शतपट. माझे सगळे संकल्प त्या एका शब्दावर उभे होते. पण गुरूंनी त्याला शतपट देतो असं कुठे सांगितलं होतं? उलट परत येताना तेच म्हणाले, सहज बोललो होतो, तू खरंच कापलंस की रे. म्हणजे आडव्या पडलेल्या हिरव्या ज्वारीत तो उभा आहे, गाव हसतंय, आणि ज्यांच्या शब्दावर हे केलं तेही हात झटकून मोकळे! तेव्हा त्याच्या हातात काय होतं? फळ नव्हतं, फळाचं आश्वासन नव्हतं. रोजचा दंडवत तेवढा होता. फुटवे दिसेपर्यंतचे ते दिवस त्यानं कसे काढले असतील, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

त्या कथेत आणखी एक बारीक गोष्ट आहे. कापणीला हात लावण्याआधी पर्वतेश्वर गावच्या अधिकाऱ्याकडे गेला आणि मागच्या वर्षीच्या दुप्पट धान्य द्यायचं कबूल करून आला. मगच विळा लावला. आपल्या श्रद्धेचा भुर्दंड त्यानं दुसऱ्यावर पडू दिला नाही. ज्याला देणं आहे त्याचं आधी ठरवलं. 'फळाची आशा सोडली' असं म्हणत बँकेचा हप्ता थकवणारे आणि सोसायटीच्या माणसाला पाहून मागच्या दारानं जाणारे भक्त मी पाहिलेत. हप्त्याची तारीख ही काही आशा नव्हे, ते देणं आहे. ते वेळेवर गेलंच पाहिजे.

आणि एक गोष्ट मला खटकते, तीही सांगतो. त्याची बायको-मुलं रडत आडवी आली, त्यांना त्यानं हुसकून लावलं. मला तो भाग वाचताना आजही बरं वाटत नाही. गृहस्थाला एकट्याला ज्वारी कापता येत नाही, ती सगळ्यांच्या ताटातली असते. याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यात बाण करणारा एक कारागीर आहे. तो बाण सरळ करण्यात इतका गढला होता की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळलं नाही. कीर्तनात हे एकाग्रतेचं उदाहरण म्हणून सांगतात. ते बरोबरच आहे. पण मला त्यात वेगळंच दिसायला लागलं. हा माणूस बाण करणारा आहे, मारणारा नाही. त्याचा बाण कोण घेणार, कशावर सोडणार, लागणार की चुकणार, हे त्याच्या हातात नाही. निशाण त्याचं नव्हेच. मग तो इतका गढून कशात गेला होता? तर बाण सरळ असावा यात. बाण कसा असायला हवा हे त्याच्या डोळ्यापुढे पक्कं होतं, आणि हातातली काडी त्याबरहुकूम होते का, एवढंच तो पाहत होता. अवधूतानं गुरू केला तो याला. नेम मारणाऱ्याला नव्हे!

मी माझ्या मुलाला काय शिकवलं होतं? निशाण. अमुक पद, अमुक वर्षाच्या आत. त्या पदावर बसून तो कसा माणूस असावा, हे आमच्या घरात एकदाही बोललं गेलं नाही. निशाण चुकल्यावर त्याच्याकडे काहीच उरलं नाही, कारण दुसरं काही आम्ही दिलंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हे पुराणातलं झालं. म्हणून श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचं सांगतो. ते काही फार जुने नाहीत. १८५४ सालचा जन्म, कोकणातल्या माणगावचा. तिथे १८८३ मध्ये त्यांनी दत्तमंदिर उभं केलं. लोक येऊ लागले, स्थान नावारूपाला आलं. कुणीही म्हणालं असतं, आता इथेच राहा, आयुष्याचं काम झालं. पण पुढे काही वर्षांनी दत्तप्रभूंची आज्ञा झाली आणि ते पत्नीला घेऊन माणगाव सोडून निघाले. उभं केलेलं देऊळ मागे टाकून निघाले. पर्वतेश्वरानं ज्वारी कापली त्यातलाच हा प्रकार.

पुढचं तर आपल्या मुलखातलं आहे. फिरत फिरत ते गोदातीरी गंगाखेडला आले आणि तिथे १८९१ मध्ये त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई वारल्या. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला, त्याआधी आपण परभणीकरच, म्हणजे गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं. मी तिथे घाटावर बसलो की हे आठवतं. सगळं महाराजांच्या आज्ञेनं करणाऱ्या गृहस्थाची बायको परमुलखात जाते. माझ्यासारखा असता तर पोथी बांधून वर ठेवली असती. त्यांनी चौदाव्या दिवशी संन्यास घेतला आणि उज्जैनला जाऊन नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. त्यानंतर १९१४ ला नर्मदाकाठी गरुडेश्वरी देह ठेवेपर्यंत तेवीस चातुर्मास झाले, त्यातला एक आपल्या नरसीला, नामदेवरायांच्या गावी, कयाधूच्या काठी. पायी प्रवास, दंड, कमंडलू, भिक्षा. पुढचा मुक्काम कुठे, हे आज्ञेवर. इतकं फिरूनही त्या आयुष्याला कुठे गाठायचं ठिकाण दिसत नाही, आणि भरकटणंही दिसत नाही. नेम ठरलेला, आचार ठरलेला, लिहिणं चालू. दत्तपुराणासारखा ग्रंथ अशाच आयुष्यातून झाला.

चोवीस गुरूंत अजगरही आहे, जे मिळेल त्यावर राहणारा. आमच्या पारावर काही लोकांना तेवढाच गुरू पाठ आहे! पण मधमाशी, बाण करणारा, अंगातून सूत काढून जाळं विणणारा कोळी, हेही त्याच यादीत आहेत, ते विसरून चालत नाही.

मुलगा आता शेतीच बघतो. पाच एकरांत दीड-दोन एकर हळद असते. आपल्याकडे हळद म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते. जूनमध्ये बेणं लावायचं आणि आठ-नऊ महिने वाट बघायची. भाव कधी क्विंटलला पाच-सहा हजार, कधी पंधराच्या वर. आकड्याकडे बघून जगायचं ठरवलं तर हळदकऱ्याला रात्री झोप यायची नाही.

मागच्या हंगामात भाव चढला. शिजवलेली हळद वाळत पडलेली होती. शेजारच्या दोघा-तिघांनी अर्धीकच्ची वाळलेली हळद पोत्यात भरली, ओलीला वजन जास्त. मी मुलाला म्हटलं, आपणही उचलू या. त्यानं एक हळकुंड घेऊन मोडलं. वाळलेलं हळकुंड कट्कन मोडतं, खणखणीत आवाज येतो. हे वाकलं आणि चिरलं. तो म्हणाला, "अजून आठ दिवस लागतील. ओली बांधली तर ज्यानं घेतली त्याच्या घरात बुरशी."

आठ दिवसांत भाव उतरला. क्विंटलमागे बाराशे रुपये गेले. मी रात्री पडल्या पडल्या हिशेब केला, मास्तर माणूस, सवय जात नाही. सकाळी त्याला आकडा सांगितला. तो हसला. "दादा, तुम्ही अजून मोजायलातच का?"

मी चिडलो होतो. पण पोत्यांची तोंडं शिवताना त्याच्याकडे पाहिलं. पुण्याहून सामान घेऊन उतरला होता तेव्हाचा चेहरा मला आठवतो, आणि हा त्याचा चेहरा नव्हता.

त्याचं वय आता बत्तीस आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं आज किती अवघड झालंय, हे ज्यांच्या घरी असा मुलगा आहे त्यांना ठाऊक आहे. नोकरी काय, हा पहिला प्रश्न असतो, आणि शेती म्हटलं की चहा पिऊन पाहुणे उठतात. पत्नी रात्री त्यावरून रडते. मी वर जे सगळं लिहिलं ते तिला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "तुमचा बाण राहू द्या सरळ, माझ्या पोराच्या डोक्यावर अक्षता पडू द्या." तिचं काय चुकलं?

गेल्या दत्तजयंतीच्या सप्ताहाला गुरुजी आले. संकल्पासाठी हातावर पाणी घेतलं. तिथी, वार, गोत्र झालं. मुलाचं लग्न अगदी ओठावर आलं होतं. पत्नी माझ्याकडे बघत होती, तिलाही तेच वाटत असणार. हात तसाच राहिला, पाणी बोटांतून गळायला लागलं. गुरुजी म्हणाले, "मास्तर, झालं का?"

मी 'श्रीदत्तप्रीत्यर्थ' म्हटलं आणि उरलेलं पाणी ताम्हनात सोडलं. पत्नीनं डोळ्यांना पदर लावला आणि समईत तेल घालायला उठली.

लग्न अजून ठरलेलं नाही. यंदाची हळद बरी आहे. सप्ताह अष्टमीला बसेल.