रुग्ण की आरोपी?

तिहार तुरुंगातल्या व्यसनी कैद्यांचा विचार करताना मी दोन कायदे शेजारी ठेवून वाचतो. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा हेरॉइनच्या नुसत्या सेवनालाही एक वर्षापर्यंत कैद सांगतो. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा नशेच्या गैरवापराशी जोडलेल्या मनोवस्थांना आजार मानतो. दिल्लीत स्मॅकसाठी पकडलेला माणूस रुग्णही असतो आणि आरोपीही. कोठडीत मात्र आधी आरोपी.

पहिला कायदा अगदीच निर्दय नाही. अल्प प्रमाणात माल सापडलेल्या व्यसनीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर कलम ६४-अ त्याला खटल्यातून सूट देते. उपचार अर्धवट सोडले, तर ती सूट जाऊ शकते. मी अडतो तो 'स्वेच्छेने' या शब्दापाशी. भीतीने, नैराश्याने पोखरलेल्या मनाला घडीभर झोप मिळावी म्हणून जो नशेकडे वळला, त्याची इच्छाशक्तीच झिजलेली असते. जे त्याने गमावले, तेच आपण त्याच्याकडे आगाऊ मागतो.

मग त्याला जबाबदार धरूच नये? तसेही नाही, जबाबदारी काढून घेणे हाही माणसाचा अपमानच. १९९४मध्ये, किरण बेदी तुरुंग महानिरीक्षक असताना, तिहारमध्ये हजारावर कैदी विपश्यनेला बसले. त्यांच्यावर कुणीतरी विश्वास टाकला होता. पण नशा तुटून अंग मोडून येत असलेल्याला आधी औषध हवे, विश्वास त्यासोबत. उपचाराची सक्ती नको. पण आज तो 'नाही' म्हणाला, तर उद्या पुन्हा विचारायला हवे. असे पुन्हा पुन्हा विचारणे ही मला आपली जबाबदारी वाटते.